घर लहान असले तरी जेवणाची जागा हवीच

गेल्या उन्हाळ्यात जानेफळजवळच्या एका गावी आम्हाला घरकुलाच्या गृहप्रवेशाचे निमंत्रण होते. त्या कुटुंबाची कागदपत्रे अर्जापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत आमच्याच हातून गेली होती, त्यामुळे जाणे भाग होते आणि आनंदाचेही होते. पुढची खोली गुलाबी रंगाने उजळली होती. भिंतीत शोकेस, शोकेसमध्ये कपबशा, दाराला नवा पडदा. मांडवात पंगती उठल्या. वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी. कशाला काही कमी नव्हते.

चार वाजता निघताना निरोप घ्यायला आम्ही मागच्या खोलीत डोकावलो, तर घरच्या ताई जेवत होत्या. एका बाजूला गॅसची टाकी, दुसऱ्या बाजूला गव्हाची कोठी, मध्ये पालथी घातलेली बादली आणि तिच्यावर त्या. ताट हातात. ज्या बाईने या घराच्या विटा वाहिल्या, भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारले, ती नव्या घरातले पहिले जेवण बादलीवर बसून जेवत होती. "ताई, नीट बसून तरी जेवा," आम्ही म्हणालो. त्या हसल्या. "बसू कुठी भाऊ? घरात समद्याले जागा झाली, जेवाले तेवढी ठेवाची राह्यली."

हे वाक्य घरी येईपर्यंत आमच्या डोक्यातून गेले नाही. आपण घर बांधतो तेव्हा बैठकीचा विचार करतो, देवळी-शोकेसचा करतो, पंख्याच्या हुकाचा करतो. जेवायचे कुठे, याचा विचार करीत नाही. आणि दिवसातून दोन वेळा सारे घर एकत्र येण्याची शक्यता असते ती नेमकी तिथेच.

जागा २६९ चौरस फुटांची

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे. स्वयंपाकाची स्वच्छ जागा त्यातच मोजलेली आहे. आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे, तिचे घरही साधारण एवढेच. एवढ्या घरात वेगळा 'डायनिंग हॉल' निघणार नाही हे उघड आहे.

शहरातल्या मासिकांत सुंदर डायनिंग हॉलची चित्रे येतात. सहा खुर्च्या, काचेचे टेबल, वर झुंबर. ती पाहून आपण पान उलटतो, कारण ते आपल्यासाठी नाही असे वाटते. पण ती खोली मनाला का ओढते, हे जरा नीट पाहावे. उजेड थेट ताटावर पडलेला असतो. सर्व आसने सारखी असतात. प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसते. लागणारी वस्तू हाताशी असते. कोणी उठले तर दुसऱ्याला सरकावे लागत नाही. आणि ती जागा फक्त जेवणासाठी राखलेली असते, तिच्यावर कपड्यांचा ढीग नसतो. या सहा गोष्टींपैकी एकीलाही संगमरवर लागत नाही. काच आणि झुंबर काढून घेतले तरी त्या शिल्लक राहतात, आणि त्या २६९ चौरस फुटांतही करता येतात.

आमची चुकलेली बेरीज

हे शहाणपण आम्हाला आधी होते, असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघरात सहा माणसांचे सागवानी टेबल आणले. दहा हप्त्यांत. टेबल ५ फूट बाय ३ फूट, खोली १० फूट बाय ९ फूट. तिच्यात २ फूट रुंदीचा ओटा आधीच होता. टेबल आत आले आणि कपाटाचे दार उघडेना. खुर्ची मागे ओढली की ती ओट्याला लागे. एक जण आत बसला की बाकीचे जेवण होईपर्यंत त्याची सुटका नसे.

नंतर आम्ही कागदावर आकडे मांडले. खुर्ची ओढून माणूस बसायला आणि त्याच्या मागून दुसऱ्याला जायला ३ फूट लागतात. टेबलाची रुंदी ३, दोन्ही बाजूंना तीन-तीन, झाले ९ फूट. लांबीकडून ५ आणि सहा मिळून ११ फूट. म्हणजे त्या टेबलाला ११ बाय ९ ची मोकळी जागा हवी होती आणि आमच्याजवळ १० बाय ७ ची होती. बी.कॉम. झालेल्या कारकुनाने ही बेरीज दुकानात करायला हवी होती. ती हप्ते सुरू झाल्यावर केली.

महिनाभरात त्या टेबलावर मुलांची दप्तरे, इस्त्रीचे कपडे आणि लाईट बिले येऊन बसली. आई तर पहिल्याच दिवशी उठून खाली बसली. "बाबू, पाय लोंबकळत ठेवून जेवलं की जेवल्यावानी वाटत नाही," ती म्हणाली. आमच्या सहचारिणी पूर्वीसारख्याच सर्वांचे झाल्यावर ओट्याशी जेवत राहिल्या. टेबल सहा जणांचे, घरात माणसे पाच, आणि त्यावर जेवत होते तिघे.

पानामागचा इतिहास

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर लिहायचे काय? आपल्या समाजासाठी ही एवढीशी गोष्ट नाही. आपले पूर्वज दुसऱ्याच्या दारात उभे राहून शिळी भाकर मागत होते. ती ओंजळीत किंवा फडक्यात वरून टाकली जाई. बसून, स्वतःच्या ताटात, स्वतःच्या जागी जेवणे हे त्यांना ठाऊकच नव्हते. १९-२० मार्च १९२७ रोजी महाडला झालेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी महिलांना स्वच्छ राहण्याचे, नीटनेटके लुगडे नेसण्याचे सांगितले. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला किंवा मुलाला जेवायला वाढू नका, असेही बजावले. चवदार तळ्याच्या लढ्यातच घरातल्या ताटाचा विचार झाला होता, हे आपण विसरतो.

खेड्यातल्या हॉटेलात आपल्या माणसाची कपबशी वळचणीला वेगळी ठेवलेली असे. चहा पिऊन ती त्यानेच विसळून ठेवायची. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पीत. एक कप चहा कोणाच्या हातचा आणि कोणाच्या बरोबर प्यायचा, यावर या देशात माणसाची किंमत ठरत होती.

आमची आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. तिथे मिळणारी सुकडी उन्हातच, दगडावर बसून खायची. ती सांगते, त्या दिवसांत पोट भरणे एवढेच जेवण होते. कुठे बसलो आणि कोण सोबत आहे, हे पाहायला वेळ नव्हता. आज अन्न आहे, घर आहे, भांडी आहेत. मग वळचणीची ती वेगळी कपबशी आपण आपल्याच घरात, आपल्याच बाईसाठी ठेवली आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

दिल्लीची राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून देशभर कुटुंबांची पाहणी केली, २००४-०५ मध्ये आणि पुन्हा २०११-१२ मध्ये. तिच्यात एक प्रश्न असा होता की, घरात मुख्य जेवणाला आधी पुरुष बसतात, आधी स्त्रिया बसतात की सारे एकत्र बसतात? अभ्यासकांनी तो उगीच विचारला नाही. शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची भाजी आणि वरणातले पाणी येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. याची कारणे पुष्कळ आहेत, पण शेवटचे पान हे घरातच दुरुस्त होण्यासारखे कारण आहे.

जपानच्या कामगारांनी काय केले?

लहान घरात जेवणाला जागा कशी काढायची, हा प्रश्न आपल्याच वाट्याला आलेला नाही. जपानात पूर्वी प्रत्येकाच्या पुढे स्वतंत्र लहानसा चौरंग असे आणि घरातल्या मानाप्रमाणे बसण्याचा क्रम असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरांतल्या साध्या घरांत 'चाबुदाई' नावाचे बुटके टेबल रूढ झाले. बरेचदा गोल, पाय दुमडणारे. सारे घर त्याच्याभोवती जमिनीवर बसे. जेवण झाले की पाय दुमडून ते भिंतीला उभे करायचे आणि त्याच जागी अंथरुणे घालायची. गोल टेबलाला वरची बाजू नसते, त्यामुळे पहिला मान कोणाचा हा प्रश्नही राहत नाही.

पुढे उझो निशियामा या वास्तुशास्त्रज्ञाने लहान घरांत राहणाऱ्या कुटुंबांची पाहणी केली. त्यांचा निष्कर्ष १९४२ साली प्रसिद्ध झाला. घर कितीही लहान असो, लोक झोपायची जागा आणि जेवायची जागा वेगळी ठेवण्याची धडपड करतात, मग झोपायला दाटी झाली तरी चालेल, असे त्यांना दिसले. कारण साधे आहे. अंथरुणाची धूळ अन्नात नको, आणि रात्रपाळी करून आलेल्याला इतरांच्या जेवणासाठी उठवायला नको. युद्धानंतर घरांची मोठी टंचाई होती. तेव्हा १९५१ साली सार्वजनिक घरांचा '५१-सी' नावाचा नमुना तयार झाला. त्यात स्वयंपाकघरच थोडे मोठे करून जेवणाची जागा त्यातच काढली. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या जपानच्या गृहनिर्माण महामंडळाने ही पद्धत देशभर नेली.

आपल्या घरातही पुढच्या खोलीत आजारी माणूस पडलेला असतो, नाहीतर दहावीचा मुलगा अभ्यास करीत असतो. जेवण स्वयंपाकघरात, आणि तिथे ठरलेल्या एका कोपऱ्यात, हेच आपल्याला सोयीचे आहे.

मापे लिहून घ्या

आमच्या टेबलाचे शेवटी काय झाले ते सांगतो. गावातल्या सुतारकाम करणाऱ्या बंधूंना बोलावले. त्यांनी ते कापून ४ बाय २ चे केले आणि उरलेल्या लाकडाची स्टुले केली. ओट्यासमोरच्या भिंतीला आम्ही विटांचा कट्टा बांधला. उंची दीड फूट, रुंदी दीड फूट, वर शहाबादी फरशी. आता बेरीज पाहा. कट्टा दीड, टेबल दोन, स्टूल ओढायला आणि मागून जायला तीन, झाले साडेसहा फूट. आमच्याजवळ सात होते. कट्ट्यावर दोघे, समोर दोघे, टोकाला एक. पाचही माणसे बसली. कट्ट्यावर बसणाऱ्याच्या मागे भिंत असते, तिथे जायला-यायला जागा सोडावी लागत नाही. कट्ट्याच्या पोटात कांदे-बटाटे आणि पिठाचे डबे राहतात. आई त्याच्यावर एक पाय वर घेऊन बसते. तिला ते जेवल्यावानी वाटते.

ज्यांचे घरकुल सध्या जोत्यावर आहे त्यांनी कट्ट्याचा विचार आत्ताच करावा. बांधकामातल्या उरलेल्या विटा त्याला पुरतात. बाकीची मापे अशी :

टेबलाची उंची अडीच फूट असावी आणि बसण्याची दीड. मधले एक फूट मांड्यांना लागते. टेबलाच्या कडेला माणशी दोन फूट धरावेत.

खाली बसून जेवणाऱ्यांनी माणशी अडीच फूट धरावेत, कारण मांडी पसरते. चौरंगाची उंची १० ते १२ इंच पुरे. तीन फूट व्यासाच्या गोल चौरंगाभोवती चौघे ऐसपैस बसतात. जेवण झाले की चौरंग भिंतीला उभा करावा.

जिथे एवढीही जागा नाही तिथे चटई पुरते, पण ती जेवणाचीच चटई असावी. तीवर कोणी झोपू नये, धान्य निवडू नये. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र खाली बसण्याचा आग्रह करू नये. एक स्टूल आणि त्याच्यापुढे दुसरे उंच स्टूल ठेवले तरी त्यांची सोय होते.

उजेड, रंग आणि हवा

आपल्याकडे ट्यूबलाईट बहुधा दाराच्या वर असते. जेवणारा तिच्याकडे पाठ करून बसतो आणि त्याचीच सावली ताटात पडते. त्यासाठी एक वेगळा बल्ब जेवणाच्या जागेवर लोंबता सोडावा, टेबलापासून अडीच फूट वर. ९ वॅटचा एलईडी पुरतो. पिवळसर उजेडाचा घ्यावा. त्या उजेडात वरण वरणासारखे दिसते आणि माणसाचा चेहराही बरा दिसतो. जिथे पंगत खाली बसते तिथे तो कोणाच्या डोक्याला लागणार नाही इतका वर घ्यावा.

भिंतींना फिका रंग द्यावा. पांढऱ्या चुन्यात थोडी पिवडी मिसळली तरी खोली उजळते. खालचा तीन फुटांचा पट्टा ऑईल पेंटचा असावा, म्हणजे आमटीचे शिंतोडे ओल्या फडक्याने निघतात. चुलीच्या किंवा शेगडीच्या वर, छताजवळ झरोका हवा आणि समोरच्या भिंतीला खिडकी हवी. धूर आणि फोडणीचा ठसका वरून बाहेर गेला नाही तर कितीही सजवलेल्या जागी मुले थांबणार नाहीत. टिनाच्या घरात मे महिन्यात दुपारी आत जेवणे म्हणजे शिक्षाच. तेव्हा चौरंग ओसरीवर किंवा लिंबाखाली न्यावा.

भांडी कोणासाठी?

आपल्या घरातली मांडणी म्हणजे घराचा अभिमान. घासलेली ताटे ओळीने लावलेली असतात. पण चांगली ताटे पाहुण्यांची, आणि चेपलेली घरच्यांची, त्यातलीही सर्वांत चेपलेली घरच्या बाईची, असा रिवाज आहे. तो मोडावा. सर्वांची ताटे सारखी असली की जागेला आपोआप शोभा येते. मग निराळ्या सजावटीचे काम उरत नाही. भांड्यांवर नाव कोरण्याची आपली पद्धत आहे. आमच्या घरी पाच ताटे एकाच मापाची घेतली आणि प्रत्येकावर ज्याचे त्याचे नाव घातले. आईला वाचता येत नाही. पण तिचे ताट कोणते, हे ती नातीकडून विचारून घेते आणि रोज तेच मागते.

माठ बसल्या जागेवरून हात पोचेल असा ठेवावा, वर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे. हात धुण्याची जागा ताटापासून दोन पावले दूर असावी. मोबाईलला कोपऱ्यात एक फळी द्यावी. जेवण होईपर्यंत तो तिथेच राहील.

गरम भाकरीचा हट्ट

एवढे सगळे झाले तरी घरची बाई उभीच राहू शकते. आमच्या घरी कट्टा झाल्यावरही पंधरा दिवस तसेच चालले होते. कारण शोधले तेव्हा ते आमच्याच ताटात सापडले. आम्हाला तव्यावरची गरम भाकर लागे. एकेक भाकर तव्यावरून ताटात येणार म्हणजे करणारी बसणार कधी? तेव्हापासून भाकरी आधी होतात आणि सुती फडक्यात गुंडाळून टोपल्यात राहतात. भाजी, वरण, ठेचा, पाण्याचा तांब्या, सारे टेबलावर आले की सहचारिणी बसतात, आणि त्या बसल्यावर पहिला घास. भाकर थोडी निवते खरी. पण कोणाचे काही बिघडले नाही.

भिक्खूंच्या आचारनियमांत ७५ सेखिय नियम आहेत. त्यातले ३० अन्न घेण्याविषयी आणि जेवण्याविषयी आहेत. तोंडात घास असताना बोलू नये, मचमच आवाज करू नये, शिते सांडू नयेत. त्यातलाच एक नियम असा की, दुसऱ्याच्या पात्राकडे दोष काढण्याच्या नजरेने पाहू नये. आम्हाला तो घराघरात लागू करावासा वाटतो. कोणी किती खाल्ले, मीठ कोणामुळे जास्त झाले, परीक्षेत गुण किती पडले, हे विषय ताटावर काढले की मुले लवकर उठतात आणि पुढे बोलेनाशी होतात. जागा बोलावणारी असावी असे म्हणतात. ती तिथल्या बोलण्यामुळेच तशी होते.

पावसाळ्यानंतर आम्ही त्या ताईंच्या घरी पुन्हा गेलो होतो. तिथे कट्टा नव्हता, टेबलही नव्हते. गव्हाची कोठी पुढच्या खोलीत शोकेसशेजारी गेली होती. पाहुण्यांना ती दिसत होती, आणि त्याचे कोणाला काही वाटत नव्हते. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात चटई होती, वर एक बल्ब. ताईंनी पाच ताटे मांडली. "बसा भाऊ," त्या म्हणाल्या, आणि टोपले मधोमध ठेवून स्वतःही बसल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी टेप घेऊन स्वयंपाकघरात जा. आधी भिंती मोजू नका, माणसे मोजा. मोजताना स्वयंपाक करणारीला धरायला विसरू नका. तेवढी पाने कुठे मांडता येतील, ते घरातल्या सर्वांनी मिळून ठरवा.